शेगावचे एक मारहाणीचे प्रकरण : वऱ्हाडातील फौजदारी कायदा, आरोपी आणि वकील

दासगणूकृत 'श्रीगजाननविजय' हा एकवीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ शके १८६१ मध्ये, म्हणजे इ. स. १९३९ साली, शेगाव येथे पूर्ण झाला. भाविकांच्या नित्यपाठातील हा ग्रंथ इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच वाचला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण चरित्रनायकाचे माहात्म्य सांगणे हेच त्याचे प्रयोजन होय. तथापि ह्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात एक फौजदारी प्रकरण आले आहे. शेगावच्या पाटील घराण्यातील खंडू पाटील ह्याने मऱ्या नावाच्या महारास सरकारी कागद पोचविण्याचे काम सांगितले. मऱ्याने ते ऐकले नाही, उलट उत्तर केले. पाटलाच्या हातात वेळूची काठी होती. तिचा तडाखा मऱ्याच्या हातावर बसला आणि हात मोडला. गावात पाटील आणि देशमुख असे दोन तट होते. देशमुखांनी मऱ्यास पुढे करून पोलिसांत फिर्याद नोंदविली. पाटलास बेड्या घालून नेणार अशी वार्ता गावभर झाली. आणि भयभीत झालेला पाटील रात्री गजाननमहाराजांकडे गेला. महाराजांनी त्यास अभय दिले, आणि पुढे तो निर्दोष सुटला, असे पोथी सांगते.

एवढेच कथानक. भाविकाच्या दृष्टीने त्याचा भर अखेरच्या वाक्यावर आहे. अभ्यासकाने मात्र मधल्या टप्प्यांकडे पाहावयास हवे. काठीचा एक तडाखा फौजदारी आरोप कसा होतो, त्या आरोपाने प्रतिष्ठित माणूस एवढा का हादरतो, आणि अशा वेळी मनुष्य कोणाचा आश्रय शोधतो, हे तिन्ही प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासाचे आहेत. न्यायालयीन दप्तरे निकाल सांगतात. आरोपी रात्रभर काय विचार करीत होता हे ती सांगत नाहीत. पोथी नेमके तेच सांगते.

ह्या साधनाच्या विश्वसनीयतेविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवणे अवश्य आहे. महाराज शेगावी प्रकट झाले ते १८७८ साली आणि त्यांनी समाधी घेतली ती १९१० साली. म्हणजे प्रसंग आणि त्याची ओवी ह्यांत किमान तीन दशकांचे अंतर आहे, आणि मधल्या काळात ती हकीकत शेगावकरांच्या तोंडून घडत आलेली आहे. ही झाली उणी बाजू. दुसरी गोष्ट अधिक लक्षणीय आहे. ग्रंथकर्ते दासगणू (गणेश दत्तात्रय सहस्रबुद्धे, १८६८-१९६२) कीर्तनकार होण्यापूर्वी अहमदनगर जिल्ह्यात पोलीस शिपाई होते. फिर्याद, पकडहुकूम, बेडी ही प्रकरणे त्यांनी ऐकून लिहिलेली नाहीत. त्या खात्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. मराठी संतचरित्रकारांत असा दुसरा लेखक सहसा आढळणार नाही. म्हणून घटनेच्या तपशिलाविषयी सावध राहूनही, पोलिसांच्या दारात गेलेल्या माणसाच्या मनःस्थितीविषयी ह्या लेखकाचे म्हणणे प्रमाण मानण्यास हरकत नाही.

प्रथम स्थळाविषयी. शेगाव आज बुलढाणा जिल्ह्यात आहे. पण १९०५ पूर्वी ते अकोला जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षीच्या पुनर्रचनेत खामगाव आणि जळगाव हे तालुके बुलढाण्यास जोडले गेले. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, परंतु तो ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग कधीच झाला नाही. १९०२ च्या कराराने तो वार्षिक २५ लक्ष रुपयांवर कायम पट्ट्याने घेतला गेला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताच्या कारभाराशी जोडला गेला, तरी निजामाचे नाममात्र स्वामित्व शिल्लक होतेच. ह्या विलक्षण स्थितीचा परिणाम असा की १८६० चा दंडसंहितेचा कायदा येथे आपोआप लागू झाला नाही. तो व इतर कायदे हिंदुस्थान सरकारने अधिसूचना काढून लागू केले. शेगावच्या पाटलास ह्या घटनात्मक बारकाव्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. त्याच्या अनुभवास येणारी गोष्ट निराळीच होती. ज्या तहसीलदाराकडे तो वसुलाचा भरणा करी, तोच तहसीलदार मॅजिस्ट्रेटही असे. ज्या डेप्युटी कमिशनरच्या मर्जीवर त्याची पाटिलकी अवलंबून, तोच जिल्हा मॅजिस्ट्रेट असे. महसूल आणि फौजदारी न्याय एकाच हातात असल्याने आरोपी पाटील परक्या न्यायासनापुढे जात नव्हता. तो आपल्याच वरिष्ठांपुढे गुन्हेगार म्हणून उभा राहत होता.

आता तिघा पात्रांविषयी. देशमुख हा परगण्याचा वतनदार. मोगल, निजाम आणि मराठे ह्यांच्या काळी वसुलाचा धागा त्याच्या हातून जाई. इंग्रजी अमलात रयतवारी पद्धतीची जमाबंदी आली आणि सरकारने प्रत्येक शेतकऱ्याशी परस्पर संबंध जोडला. आल्फ्रेड लायल ह्यांनी संपादिलेल्या १८७० च्या वऱ्हाड गॅझेटियरमध्ये ह्या परगणे-अधिकाऱ्यांचा पूर्वीचा दरारा आणि नवी अवस्था ह्यांची चर्चा आहे. देशमुखांचा मान राहिला, काम गेले. उलट पाटील हा गावपातळीवरचा असल्यामुळे नव्या राज्यकर्त्यांस हवाच होता; वसूल, गावचा बंदोबस्त, गुन्ह्याची वर्दी ही कामे त्याच्याकडे राहिली, आणि पुढे १९०० च्या पाटील-पटवारी कायद्याने त्याचे स्थान सरकारी चौकटीत पक्के बसविले. ज्याचा अधिकार गेला तो आणि ज्याचा अधिकार राहिला तो, असे दोन तट एकाच गावात नांदत असता दुफळी होणे अटळ होते. पोथी तिचे वर्णन मानवी स्वभावाचा दोष म्हणून करते. ते खरेच आहे. पण त्या दोषास जमाबंदीचे खतपाणी मिळाले होते, हेही नोंदविले पाहिजे.

महार हा गावकामगार. सरकारी कागद आणि भरणा पोचविणे, गावच्या शिवेची साक्ष देणे, आलेल्या अंमलदाराची चाकरी करणे ही त्याची परंपरागत कामे होती. ह्या कामांचा मोबदला अल्प आणि अनिश्चित, कामाची वेळ मात्र अमर्याद. मुंबई इलाख्यातील ह्याच पद्धतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक मांडले, तेव्हा वतन ह्या प्रतिष्ठित शब्दाखाली चाललेली वेठ त्यांनी उघडी केली होती. मऱ्याचा नकार हा केवळ देशमुखांच्या चिथावणीचा परिणाम होता, की 'हे काम मी का करावे?' हा प्रश्नही त्यात होता? पोथी पहिला पर्याय गृहीत धरते. दुसरा पर्याय तिच्या दृष्टिक्षेपातच येत नाही, आणि १९३९ साली लिहिणाऱ्या लेखकाच्या बाबतीत, आंबेडकरांच्या चळवळीस तोपर्यंत झालेली वर्षे लक्षात घेता, ही उणीव लहान नव्हे.

गावाच्या जुन्या व्यवहारात पाटलाने महारास मारणे हा गुन्हाच नव्हता. तो अधिकाराचा एक वापर होता. दंडसंहितेने ही स्थिती पालटली, निदान कागदावर तरी. बोलीत ज्याला सरसकट 'मारपीट' किंवा 'मारहाण' म्हणतात, त्याचे संहितेने अनेक तुकडे केले. कलम ३५१ प्रमाणे 'हमला' होण्यास स्पर्शही लागत नाही. हात उगारून किंवा काठी सरसावून समोरच्यास आता बलप्रयोग होणार अशी भीती उत्पन्न केली की हमला पूर्ण होतो. नुसत्या शब्दांनी मात्र हमला होत नाही. ह्या गुन्ह्यास कलम ३५२ अन्वये तीन महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्ष वेदना झाली की ती 'दुखापत' (कलम ३१९), आणि कलम ३२३ प्रमाणे तिला एक वर्षापर्यंत कैद. दुखापत 'जबर' केव्हा म्हणावयाची, ह्याचे आठ प्रकार कलम ३२० मध्ये मोजून दिले होते. हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे हा त्यांतील सातवा. जबर दुखापतीस कलम ३२५ खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आणि तीच दुखापत घातक शस्त्राने केली, तर कलम ३२६ प्रमाणे जन्मठेपेपर्यंत, त्या काळच्या भाषेत काळ्या पाण्यापर्यंत, मजल जाई.

आता शेगावच्या प्रकरणाकडे ह्या दृष्टीने पाहिले म्हणजे मोडलेल्या हातावर सारे कसे अवलंबून होते हे ध्यानात येते. हात नुसता सुजला असता तर प्रकरण कलम ३२३ चे झाले असते. तशा गुन्ह्यात पोलिसांस वॉरंटाशिवाय अटक करता येत नसे. फिर्यादीने मॅजिस्ट्रेटकडे जावयाचे, आणि दुखापत झालेल्या माणसाच्या संमतीने खटला मिटविताही येई. चार वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी केली असती आणि चावडीवरच शेवट झाला असता. हाड मोडल्याबरोबर तोच तडाखा कलम ३२५ मध्ये गेला. पोलिसांस स्वतः होऊन तपास आणि अटक करण्याचा अधिकार मिळाला, आणि तडजोडीस न्यायालयाची परवानगी लागू लागली. गावाच्या हातून प्रकरण निसटले ते ह्या ठिकाणी. देशमुखांनी हे ओळखले होते असे मानण्यास जागा आहे. जुन्या काळी वैऱ्यावर सूड घ्यावयाचा तर मनुष्यबळ लागे. नव्या काळी कोणते कलम लागते हे ठाऊक असलेला एक मनुष्य पुरेसा होता.

कलम ३२५ चा गुन्हा १८८२ आणि १८९८ ह्या दोन्ही फौजदारी प्रक्रिया संहितांत जामीनपात्र होता. म्हणजे जामीनदार उभा राहिला तर आरोपीस सोडणे हा उपकार नव्हे, तो त्याचा हक्क होता. मग पाटलास एवढे भय कशाचे? ह्याचे उत्तर पोथीतच आहे. तिच्या ओव्यांत शिक्षेपेक्षा बेडीची धास्ती मोठी आहे. अब्रूदार माणसास अपमान मरणासारखा, हा तिचा भाव आहे. जामीन मिळतो तो अटकेनंतर. ठाण्यापर्यंतची वाट तर गावातूनच जाते. ज्या गल्लीतून पाटील रोज अधिकाराने फिरला, त्याच गल्लीतून तो बेडी घालून गेला, तर पुढे न्यायालयाने त्यास सन्मानाने सोडले तरी गावाच्या स्मरणातील बेडी निघत नाही. फौजदारी आरोपाची ही पहिली शिक्षा कोणत्याही कलमात लिहिलेली नसते, आणि तीवर अपीलही नसते. देशमुखांचा खरा डाव सात वर्षांच्या कैदेवर नसून ह्या अर्ध्या मैलाच्या वाटेवर असावा.

अशा वेळी वकील काय करू शकत होता? १८९८ च्या संहितेचे कलम ३४० सांगे की फौजदारी न्यायालयापुढील प्रत्येक आरोपीस वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क आहे. हक्क होता, तथापि वकील देणे हे सरकारचे कर्तव्य नव्हते. ज्याची ऐपत त्याचा वकील. 'प्लीडर' ह्या शब्दात संहितेने अॅडव्होकेट आणि वकील यांच्याबरोबर मुखत्याराचाही समावेश केला होता, आणि न्यायालयाच्या परवानगीने अन्य व्यक्तीही बचावास उभी राहू शकत असे. ही तरतूद आडगावच्या पक्षकारांसाठी आवश्यकच होती, कारण कायद्याचे पदवीधर उमरावती, अकोला, खामगाव अशा मोजक्या ठिकाणी एकवटलेले होते. कापसाच्या व्यापाराने खामगाव भरभराटीस आले होते, आणि जेथे सौदे, कर्जे व गहाणखते तेथे वकील, हे ओघानेच आले. ह्या वकिलांचा मुख्य चरितार्थ दिवाणी कामांवर चाले. फौजदारी बचाव ही अडीअडचणीची गरज होती. तिची निकड मोठी, पण पक्षकार घाबरलेला आणि बहुधा उशिरा आलेला.

शेगावहून खामगाव दहा-अकरा मैलांवर, आणि अकोला रेल्वेने पंचवीस मैलांच्या आसपास. पाटलाच्या ऐपतीच्या माणसास ह्यांपैकी कोठलाही वकील करणे अशक्य नव्हते. त्या काळी वऱ्हाडात वकिलीचा लौकिकही वाढत होता. गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे ह्यांनी १८८४ मध्ये कायद्याची पदवी घेतली, काही वर्षे वऱ्हाडातच सरकारी नोकरीत न्यायदानाचे काम केले, आणि १८९० पासून उमरावतीस वकिली आरंभिली. रंगनाथ नरसिंह मुधोळकर आणि मोरोपंत जोशी हे त्याच नगरातील दुसरे दोन विख्यात वकील; मुधोळकर १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. खुद्द आजच्या बुलढाणा जिल्ह्यापुरते पाहिले तर 'सुदाम्याचे पोहे' लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१-१९३४) ह्यांनी १८९७ मध्ये कायद्याची पदवी मिळविल्यानंतर खामगाव आणि जळगाव (जामोद) येथे वकिली केली. मराठी विनोदाच्या ह्या आद्य आचार्यास मनुष्यस्वभावाचे जे दर्शन घडले, त्यातील काही भाग तालुक्याच्या न्यायालयातील असणार, हे त्यांच्या वाचकास सांगावयास नको.

अशा एखाद्या वकिलाकडे हे प्रकरण गेले असते तर त्याने कोणत्या बाजूने विचार केला असता, हे कायद्यावरून रेखाटता येते. पहिली बाब हाड. ते खरोखर मोडले की केवळ मुका मार लागला, हे डॉक्टरी दाखल्यावर ठरणार; दाखला नसेल किंवा उशिराचा असेल तर कलम ३२५ डळमळते. दुसरी बाब काठी. वेळूची काठी हे घातक शस्त्र नव्हे, हे ठसवून कलम ३२६ दूर ठेवणे अगत्याचे. तिसरी बाब उद्देश. कलम ३२२ प्रमाणे जबर दुखापतीचा उद्देश किंवा तिच्या संभवाची जाणीव सिद्ध व्हावी लागे. हातावर एकच तडाखा मारणाऱ्यास हाड मोडण्याची जाणीव होती काय, हा वादाचा मुद्दा झाला असता. चौथी बाब प्रक्षोभ. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाने केलेल्या जबर दुखापतीस कलम ३३५ खाली शिक्षा चार वर्षांवर येई. पण एका गावकामगाराचे उलट उत्तर हा कायद्याच्या दृष्टीने गंभीर प्रक्षोभ ठरावा काय? पाटलास तो वाटला असणारच. न्यायाधीशास वाटावा, तर त्याने पाटलाचा अधिकार मनोमन मान्य केलेला असला पाहिजे. येथे कायद्याचा प्रश्न आणि जातिव्यवस्थेचा प्रश्न वेगळे करता येत नाहीत.

राहता राहिले वैर. फिर्याद देशमुखांनी उभी केली, साक्षीदारही त्यांच्याच तटातले, हे उलटतपासणीत बाहेर काढणे कोणत्याही वकिलास सुचले असते. मात्र अनुभवी वकील हे हत्यार जपून वापरतो. वैरामुळे खोटी फिर्याद होऊ शकते, तशी वैरामुळे खरी मारहाणही होऊ शकते. हे पाते दुधारी आहे, असे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा म्हटले आहे. पाटील निर्दोष सुटला तो ह्यांपैकी कोणत्या मुद्द्यावर, हा प्रश्न पोथीच्या कक्षेत येत नाही. कृपेचा प्रभाव सांगणाऱ्या ग्रंथास निकालपत्राची कारणमीमांसा नको असते.

परंतु ह्यावरून वकिलास टाळून पाटील संताकडे वळला, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्याच ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायातील हकीकत ह्या संदर्भात उपयोगी पडते. १९०८ साली अकोल्यास झालेल्या शिवजयंतीच्या सभेत लोकमान्य टिळक आणि गजाननमहाराज एकत्र आले. पुढे २४ जून १९०८ रोजी टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा सांगितली गेली. ह्या संकटात खापर्ड्यांनी स्वतः मुंबईकडे जाताना कोल्हटकरांस शेगावी महाराजांकडे पाठविले, आणि प्रयत्नांस यश येणार नाही असे सांगून महाराजांनी टिळकांसाठी भाकरीचा प्रसाद दिला, असे पोथी सांगते. खापर्डे हे प्रांतातील अग्रगण्य वकील. टिळकांच्या सुटकेच्या खटपटीसाठी ते पुढे विलायतेस गेले व तेथे दोन वर्षे राहिले. त्यांच्या मनात वकिली आणि प्रसाद ह्यांचा विरोध नव्हता. अर्ज, अपील, बॅरिस्टर ही एक तजवीज. शेगावची वारी ही दुसरी. खुद्द टिळकांनी न्यायालयात स्वतःचा बचाव स्वतःच केला होता, हा आणखी निराळा मार्ग.

ह्या दोन प्रसंगांची तुलना उद्बोधक आहे. टिळकांच्या बाबतीत संताने सुटकेचे आश्वासन दिले नाही. खंडू पाटलाच्या बाबतीत दिले. एकाची बेडी भूषण ठरली, दुसऱ्याची कलंक ठरली असती. फौजदारी आरोपाने होणारी हानी दुहेरी असते, देहाची आणि अब्रूची. पहिली टाळण्यासाठी वकील. त्याचे क्षेत्र न्यायालयाच्या दारापासून सुरू होते. दुसरी हानी त्या दारापूर्वीच होऊन चुकते, आणि तेथे एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडी आरोपीस वकील उपयोगी पडत नव्हता. अटकपूर्व जामिनाची कल्पना तेव्हाच्या संहितेत नव्हती. ती १९७३ च्या संहितेत कलम ४३८ म्हणून आली. मधल्या त्या रिकाम्या जागेत, पकडहुकूम आणि जामीन ह्यांच्या मधल्या रात्री, गावच्या माणसास अधिकारवाणीने 'भिऊ नकोस' असे सांगणारा कोणी हवा होता. पोथीतील महाराजांच्या अभयाचे सामाजिक कार्य हेच होते, आणि श्रद्धेचा प्रश्न बाजूस ठेवूनही ते मान्य करता येते.

आतापर्यंतचे विवेचन आरोपीच्या बाजूने झाले, कारण साधनच त्या बाजूचे आहे. मऱ्याचे काय? हात मोडल्यानंतर तो देशमुखांकडे गेला. त्यांनी त्यास ठाण्यावर नेले. आणि फिर्याद नोंदताच तो कथेतून नाहीसा होतो. हात बरा झाला की नाही, साक्ष देताना तो काय बोलला, आरोपी सुटल्यावर त्याच गावात त्याचे दिवस कसे गेले, ह्याविषयी ओवी नाही. त्याचे नावही ऱ्हस्व करून, हाक मारावी तसे, आलेले आहे. फौजदारी खटल्यात फिर्यादी सरकार असते आणि मार खाल्लेला मनुष्य केवळ साक्षीदार उरतो, हे कायद्याचे तत्त्व येथे अनपेक्षितपणे पोथीच्या रचनेतही उतरले आहे. दंडसंहितेने मऱ्यास पाटलाच्या बरोबरीचा देह दिला होता; त्याच्या हाडाची आणि पाटलाच्या हाडाची किंमत कलम ३२० मध्ये सारखीच होती. पण ठाण्याची पायरी चढण्यास त्यास देशमुखाचा हात धरावा लागला, आणि तो हात ज्याचा, प्रकरणही त्याचेच झाले. पाटलास संत मिळाला, वकीलही मिळू शकला असता. मऱ्यास मिळाला तो पाटलाचा वैरी.

पुढील काळात ह्या चौकटीतील एकेक बाजू बदलत गेली. १९३६ मध्ये नागपूरला उच्च न्यायालय स्थापन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाखाली आला. घटनेच्या अनुच्छेद २२ ने अटक झालेल्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा मूलभूत हक्क दिला. १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या नव्या प्रक्रिया संहितेने न्यायदंडाधिकारी महसुली अधिकाऱ्यांपासून वेगळे केले. गरीब आरोपीस वकील पुरविणे हे राज्याचे कर्तव्य होय, हे सर्वोच्च न्यायालयाने हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) आणि हुसैनारा खातून (१९७९) ह्या प्रकरणांत स्पष्ट केले. बेडीविषयी १९८० साली प्रेमशंकर शुक्ल प्रकरणात तोच न्यायालय म्हणाला की ती सर्रास घालता येणार नाही, कारणे नोंदवावी लागतील. आणि २०१४ साली अर्णेशकुमार प्रकरणात सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक ही आपोआप होणारी गोष्ट नव्हे, असे ठरले. खंडू पाटलावर येणारे कलम सात वर्षांचेच होते. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. हमल्याची व्याख्या आता कलम १३० मध्ये आणि जबर दुखापतीची कलम ११६ मध्ये आहे. हाड मोडणे तेथेही सातव्याच क्रमांकावर आहे.

मऱ्याच्या बाजूने झालेला बदल ह्याहून मोठा आहे. १९८९ च्या अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायद्याने अशा मारहाणीस स्वतंत्र गुन्ह्याचे स्वरूप दिले. तपास विशिष्ट दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याने करावयाचा, खटला विशेष न्यायालयात चालवावयाचा, आणि कलम १८ प्रमाणे आरोपीस अटकपूर्व जामीन नाही. मार्च २०१८ मध्ये सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ह्या तरतुदीची धार काहीशी बोथट केली. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घालून ती पूर्ववत केली, आणि २०२० मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. म्हणजे पकडहुकूम आणि जामीन ह्यांच्या मधली ती रात्र, जी इतर आरोपींसाठी १९७३ मध्ये काही अंशी भरून निघाली होती, ती ह्या एका प्रकारच्या प्रकरणात विचारपूर्वक पुन्हा मोकळी ठेवण्यात आली आहे. ज्या भयाने खंडू पाटील महाराजांकडे गेला, ते भय येथे कायद्याने साधन म्हणून वापरले आहे. आणि १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२, जे १९९५ मध्ये अमलात आले, मोफत वकिलास पात्र व्यक्तींची जी यादी देते तिच्यात अनुसूचित जातीची व्यक्ती, उत्पन्नाची अट न लावता, पहिल्या क्रमांकावर आहे. कोठडीत असलेली व्यक्तीही, मग ती कोणत्याही जातीची असो, त्याच यादीत थोडी खाली आहे.